धम्मिक बली की दान? : करन्यायाच्या प्रश्नाची एक चिकित्सा

दीघनिकायातील कूटदन्त सुत्ताचा उल्लेख आपल्या विहारांतील व्याख्यानांत आणि आपल्या नियतकालिकांतील लेखांत वारंवार होत असतो. यज्ञातील पशुहिंसेचा निषेध म्हणून तो जसा होतो, तसाच अलीकडे तथागतांच्या आर्थिक विचाराचा पुरावा म्हणूनही होतो. मात्र या दुसऱ्या प्रसंगी सुत्ताचा जो सारांश सांगितला जातो, तो बहुधा एका वाक्यात संपतो : राजाने गरिबांना धन वाटले, देश सुखी झाला, म्हणून धनवानांनी दानशूर व्हावे. श्रोते साधुवाद देतात आणि विषय तेथेच मिटतो.

व्याख्यान संपल्यावर याच श्रोत्यांपैकी नोकरदार बांधव आपसांत बोलू लागले म्हणजे वेगळाच सूर ऐकू येतो. वेतनचिठ्ठीतून कापला जाणारा आयकर हा जुलूम आहे. आम्ही मूठभर कर भरतो आणि बाकीचे फुकट खातात. जास्त कमावणाऱ्यावर जास्त दर म्हणजे कष्टाला शिक्षा. सर्वांना एकच दर हीच खरी समता. हे शब्द मूळचे आपले नाहीत. ते ज्या वर्गाच्या हिताचे आहेत तो वर्ग आपला नाही. तरीही ते आपल्या मुखी रुळू लागले आहेत, हे नाकारण्यात अर्थ नाही.

धनवानाने दान द्यावे आणि राज्याने कर घेऊ नये, ही दोन विधाने वरवर वेगळी दिसली तरी त्यांचे मूळ एकच आहे. संपत्ती सर्वस्वी व्यक्तीची असून तिच्यावर समाजाचा हक्क नाही, फार तर समाजाने तिची याचना करावी, ही ती धारणा होय. ही धारणा धम्मास आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अर्थविचारास धरून आहे काय, एवढाच प्रश्न आम्ही येथे तपासणार आहोत.

सुत्त काय सांगते

प्रथम सुत्ताकडे वळू. मगधातील खाणुमत हे गाव बिंबिसार राजाने कूटदन्त ब्राह्मणास ब्रह्मदेय म्हणून दिलेले होते. म्हणजे त्या गावाच्या उत्पन्नावर एका व्यक्तीचा जन्मसिद्ध म्हणता येईल असा अधिकार होता. तेथे महायज्ञ मांडलेला असून शेकडो बैल, वासरे, कालवडी, बोकड आणि मेंढे यूपांना बांधलेले आहेत. यज्ञविधी विचारण्यासाठी कूटदन्त तथागतांकडे येतो आणि तथागत त्याला महाविजित राजाची कथा सांगतात.

महाविजितालाही यज्ञ करावयाचा आहे. त्याचा पुरोहित त्याला सांगतो की, तुझा देश चोरांनी व लुटारूंनी पीडलेला आहे, अशा स्थितीत तू नवा बली, म्हणजे कर, वसूल केलास तर ते अकृत्य होईल. केवळ वध, बंधन आणि हद्दपारी यांनीही चोरी निर्मूल होणार नाही. त्यापेक्षा जे शेती व गोपालन करतात त्यांना बी-बियाणे व चारा दे, जे व्यापार करतात त्यांना भांडवल दे, जे राजसेवेत आहेत त्यांना अन्न व वेतन दे. राजा तसे करतो. लोक आपापल्या कामात गुंततात, उपद्रव थांबतो, आणि राजाच्या महसुलाची रासही वाढते.

येथपर्यंतचा भाग आपल्या व्याख्यानांत येतो. पुढचा बहुधा गळतो. यज्ञाची वेळ येते तेव्हा मांडलिक क्षत्रिय, अमात्य, धनाढ्य ब्राह्मण आणि संपन्न गृहपती राजाकडे विपुल धन घेऊन येतात आणि ते स्वीकारावे अशी विनंती करतात. राजा ते नाकारतो. आपल्यापाशी पुरेसे धन आहे आणि ते ‘धम्मिक बली’ने, म्हणजे न्याय्य कराने जमलेले आहे, असे तो सांगतो. तुमचे तुमच्याजवळ राहू द्या, उलट येथून आणखी न्या, असेही तो म्हणतो.

या प्रसंगाचा अर्थ लावताना दोन बाजूंनी सावध राहिले पाहिजे. पहिली बाजू दानवाद्यांची. राजाने गरिबांना दिले ते दान होते, असे ते म्हणतात. परंतु बियाणे, भांडवल आणि वेतन ही भीक नव्हे. ती उत्पादनाची साधने आणि श्रमाचा मोबदला आहेत. शिवाय ज्या क्षणी खरोखरचे दान, म्हणजे धनिकांची ऐच्छिक देणगी, राज्याच्या दारी येते, त्या क्षणी राजा ती परत पाठवतो. धनिकांच्या देणगीवर चालणारे राज्य धनिकांचे ऋणी होते आणि ऋणी राज्य न्याय करू शकत नाही, असा यातून निघणारा बोध आम्ही मानतो. राज्याचा आधार देणगी नसून नियमाने घेतलेला कर आहे, एवढे तर सुत्तातच स्पष्ट आहे.

दुसरी बाजू आमच्याच पक्षातील अतिउत्साही अभ्यासकांची. प्रगतिशील आयकराचे तत्त्व तथागतांनी सांगून ठेवले आहे, असे विधान काही वेळा केले जाते. ते ग्राह्य धरता येत नाही. सुत्तात कराचा दर नाही, उत्पन्नाचे टप्पे नाहीत, आणि धनिकांना आणखी न्या म्हणणारा राजा आजच्या अर्थाने धनिकांवर कर बसवणारा राजाही नव्हे. प्राचीन ग्रंथात आधुनिक शास्त्र शोधण्याची खोड आपण इतरांमध्ये पाहतो तेव्हा हसतो. ती आपल्यातही शिरू नये. सुत्त आपल्याला दर देत नाही, कसोटी देते. प्रत्येक बली धम्मिक नसतो. तो कोणाकडून घेतला, कसा घेतला आणि कशासाठी वापरला, यावर त्याचे धम्मिकत्व ठरते.

बली आणि दान यांतील भेद

हा भेद एकट्या कूटदन्त सुत्तावर अवलंबून नाही. अंगुत्तरनिकायातील आदिय सुत्तात तथागत अनाथपिंडिकाला धर्माने मिळवलेल्या संपत्तीचे उपयोग सांगतात. स्वतःचे, मातापित्यांचे, पत्नी-पुत्रांचे, दास-कर्मकरांचे पोषण; मित्र-सहकाऱ्यांचे पोषण; आपत्तीपासून संरक्षण; त्यानंतर पाच प्रकारचे बली, ज्यांत ‘राजबली’ येतो; आणि सर्वांत शेवटी श्रमण-ब्राह्मणांना दान. राजबली आणि दान हे दोन वेगळे उपयोग म्हणून मोजले आहेत. बुद्धकाळातील सर्वांत मोठ्या दात्यालाच हे सांगितले गेले, हे लक्षात घेण्यासारखे आहे. जेतवन दिले म्हणून अनाथपिंडिकाचा राजबली माफ होत नाही.

चक्कवत्ति-सीहनाद सुत्त तर याहून कठोर आहे. राजा निर्धनांना धन देण्याची आपली जबाबदारी टाळतो, म्हणून दारिद्र्य वाढते आणि दारिद्र्यातून चोरी जन्मते. मग एका चोराला पकडून आणतात. त्याची कथा ऐकून राजा त्याला व्यक्तिशः धन देतो. परिणाम काय होतो? चोरी केली की राजा धन देतो, अशी वार्ता पसरून चोरी वाढते. राजा घाबरून शिक्षेकडे वळतो आणि हिंसा वाढते. प्रसंगापुरती दया आणि प्रसंगापुरता दंड, दोन्ही येथे निष्फळ ठरतात. व्यवस्थेची जागा दयेने भरून निघत नाही, हे इतक्या स्पष्टपणे सांगणारी प्राचीन कथा विरळा.

आपल्या भाषेत कर भरणाऱ्याला ‘करदाता’ म्हणतात. शब्द रूढ आहे, परंतु त्यातील ‘दाता’ फसवा आहे. दात्याला पुण्य हवे असते, नाव हवे असते, निदान कृतज्ञता तरी हवी असते. कर देणाऱ्याला यांपैकी काहीही मागण्याचा अधिकार नाही. हिशेब मागण्याचा मात्र पूर्ण अधिकार आहे. उलट बाजूने पाहिले तर दान घेणारा हात खाली असतो. करातून उभ्या राहिलेल्या शाळेत, दवाखान्यात किंवा शिष्यवृत्तीत हक्क असतो. ज्या समाजाने शतकानुशतके खाली धरलेल्या हातांचा अपमान सोसला, त्या समाजाला हा भेद शिकवावा लागू नये.

येथे एक आक्षेप येतो. पंचशीलातील दुसरे शील न दिलेले घेऊ नये असे सांगते. मग सक्तीचा कर हे अदिन्नादान नव्हे काय? याचे उत्तर अग्गञ्ञ सुत्तात आहे. तेथे लोक एकत्र येऊन आपल्यातील एकाला निवडतात, व्यवस्था राखण्याचे काम त्याच्याकडे सोपवतात आणि त्याबद्दल आपल्या साळीचा एक भाग देण्याचे ठरवतात. तो महासम्मत. त्याचा वाटा लोकसंमतीने ठरलेला आहे, म्हणून तो ‘दिन्न’ आहे. भारतीय संविधानाचे अनुच्छेद २६५ कायद्याच्या आधारावाचून कोणताही कर बसवता अगर वसूल करता येणार नाही असे सांगते, तेव्हा हेच तत्त्व आधुनिक रूपात येते. संमतीवाचून घेतलेला कर मात्र लूट ठरू शकतो, हेही बौद्ध परंपरा जाणते. गण्डतिन्दु जातकात रात्री चोर आणि दिवसा करवसुली करणारे राजपुरुष, अशा दुहेरी छळाने प्रजा गाव सोडून रानात राहू लागते.

एकच दर म्हणजे समता काय?

आता मुख्य आक्षेपाकडे येऊ : सर्वांना एकच दर हीच समता.

या आक्षेपाचे उत्तर बाबासाहेबांनी मुंबई कायदे मंडळात दिलेले आहे. फेब्रुवारी १९२७ मध्ये अर्थसंकल्पावर बोलताना त्यांनी जमीन महसुलाची तुलना आयकराशी केली. आयकरात ठरावीक मर्यादेखालील उत्पन्नाला सूट असते आणि त्या वर्षी उत्पन्नच झाले नाही तर करही नसतो. जमीन महसूल मात्र पीक बुडो की येवो, द्यावाच लागतो; आणि एक एकराचा धनी असो, जहागीरदार असो वा इनामदार असो, दर सर्वांना सारखाच. आयकर कर देण्याच्या क्षमतेच्या तत्त्वावर उभा आहे, जमीन महसूल नाही, हा त्यांचा आक्षेप होता. एकसारखा दर त्यांना समतेचा पुरावा वाटला नाही. त्यात त्यांनी विषमता पाहिली.

या विचाराची पार्श्वभूमीही पाहण्यासारखी आहे. बाबासाहेब १९१३ च्या जुलै महिन्यात न्यूयॉर्कला पोहोचले. त्याच वर्षी अमेरिकेच्या घटनेत सोळावी दुरुस्ती होऊन आयकराचा मार्ग मोकळा झाला होता. कोलंबिया विद्यापीठातील त्यांचे गुरू प्रा. एडविन सेलिग्मन हे प्रगतिशील करआकारणी आणि आयकर या विषयांवरील अधिकारी ग्रंथकार होते. १९२५ मध्ये लंडनहून प्रसिद्ध झालेल्या, ब्रिटिश भारतातील प्रांतिक वित्तव्यवस्थेच्या उत्क्रांतीवरील बाबासाहेबांच्या ग्रंथाला प्रस्तावना त्यांचीच आहे. त्या ग्रंथात ब्रिटिश राजवटीच्या करधोरणावर जी टीका आहे तिचे सार असे : गरिबाच्या मिठावर आणि जमिनीवर कर होता, पण कुळांच्या श्रमावर चैन करणारा जमीनदार आणि गलेलठ्ठ पगार घेणारा गोरा अधिकारी राज्याच्या खर्चाचा वाटा उचलण्यापासून मोकळे होते.

क्षमतेचे तत्त्व गहन नाही. महिना पंधरा हजारांवर चालणाऱ्या घरातून दीड हजार घेतले तर दूध, औषध किंवा मुलाची शिकवणी बंद होते. महिना पंधरा लाखांच्या घरातून त्याच दहा टक्क्यांनी दीड लाख घेतले तरी त्या घरात काहीही बंद होत नाही. टक्का सारखा, त्याग सारखा नाही. म्हणून करन्यायात किती घेतले यापेक्षा घेतल्यावर काय उरले, हे आधी पाहावे लागते.

वाढत्या दरांबद्दल एक गैरसमजही सुशिक्षितांत आढळतो. पगारवाढ झाली, वरच्या टप्प्यात गेलो, आता हातात पूर्वीपेक्षा कमी येणार, असे समजले जाते. वस्तुतः वरचा दर फक्त वरच्या टप्प्यातील रकमेवर लागतो. २०२५-२६ च्या नव्या करपद्धतीतील टप्पे घेतले तर १६ लाख रुपयांच्या करपात्र उत्पन्नावर १,२०,००० रुपये कर होतो, म्हणजे एकूण उत्पन्नाच्या साडेसात टक्के. उत्पन्न १७ लाख झाले तर वाढलेल्या एका लाखावर २०,००० रुपये जातात आणि ८०,००० हाती राहतात. कष्टाला शिक्षा होते ती कोठे?

ज्यांचा कर दिसत नाही

मूठभरच कर भरतात, हे विधान तर साफ चुकीचे आहे. आयकर भरणारे मूठभर आहेत. कर भरणारे सर्व आहेत. साबण, चप्पल, मुलाचे दप्तर, मोबाइलचे रिचार्ज, यांतील प्रत्येक खरेदीत वस्तू व सेवा कर असतो. १ जुलै २०१७ पासून लागू झालेला हा कर घेताना दुकानदार ग्राहकाचे उत्पन्न विचारत नाही.

समजण्यापुरता ढोबळ हिशेब मांडू. पंधरा हजारांचे घर सर्व पैसे खर्च करते आणि त्यात सरासरी पाच टक्के अप्रत्यक्ष कर आहे असे धरले, तर उत्पन्नाचे सुमारे पाच टक्के करात गेले. पंधरा लाखांचे घर तीन लाखांची खरेदी करते आणि तिच्यावर अठरा टक्के दराने ५४,००० रुपये कर भरते असे धरले, तरी तो त्याच्या उत्पन्नाचा ३.६ टक्केच होतो. उरलेले बारा लाख बचतीत व गुंतवणुकीत जातात. वस्तूंवरील दर तिपटीहून जास्त असूनही भार कमी! अप्रत्यक्ष कराची ही प्रतिगामी प्रवृत्ती तोलून धरण्यासाठीच प्रत्यक्ष कर वाढत्या दराचा असावा लागतो. तो दयेचा विषय नसून तराजूचे दुसरे पारडे आहे.

महाराष्ट्रातील व्यवसाय कराचे उदाहरण आम्हांला विशेष बोलके वाटते. १९७५ च्या कायद्याने आलेला हा कर शहरी नोकरदारांकडून आणि व्यावसायिकांकडून घेऊन रोजगार हमी योजनेस निधी पुरवावा, अशी रचना होती. १९७२ च्या भीषण दुष्काळातून उभ्या राहिलेल्या त्या योजनेने खडी फोडणाऱ्या, पाझर तलाव खोदणाऱ्या भूमिहीनांना कामाचा हक्क दिला. त्यांत आपल्या मायबापांची संख्या किती मोठी होती, हे वाचकांस सांगणे नको. पुरोहिताने महाविजिताला सांगितलेल्या ‘अन्न व वेतन’ या उपायाशी इतके जवळचे नाते सांगणारा कर आधुनिक काळात क्वचितच सापडेल. विनियोगाच्या कसोटीवर तो धम्मिक ठरतो.

परंतु आकारणीच्या कसोटीवर? संविधानाच्या अनुच्छेद २७६ ने या कराला वर्षाला २,५०० रुपयांची कमाल मर्यादा घातली आहे. परिणामी महिना बारा हजार मिळवणारा पुरुष पहारेकरी वर्षाला २,५०० रुपये देतो आणि ज्या इमारतीच्या दारात तो उभा आहे, तिच्या वरच्या मजल्यावरील कोट्यधीश संचालकही २,५०० रुपयेच देतो. २०२३ पासून महिना २५,००० रुपयांपर्यंत वेतन असणाऱ्या महिलांना सूट मिळाली, हे योग्यच झाले. तथापि वरच्या टोकाचा अन्याय तसाच राहिला. १९२७ मध्ये बाबासाहेबांनी एक एकरवाला आणि इनामदार यांच्यासंबंधी जे म्हटले तेच येथे लागू आहे. हेतू न्याय्य असला तरी माप अन्याय्य असू शकते.

जन्मसिद्ध सूट

करातील अन्यायाची आपल्याकडील जुनी परंपरा मनुस्मृतीत आहे. तिच्या सातव्या अध्यायात राजाने जळू, वासरू आणि भुंगा यांप्रमाणे थोडे थोडे घ्यावे असा उपदेश आहे. तेवढ्यापुरता तो वाईट म्हणता येत नाही. पण लगेच पुढे, राजा मरणोन्मुख झाला तरी त्याने श्रोत्रिय ब्राह्मणाकडून कर घेऊ नये असे सांगितले आहे. आणि कारागीर, शिल्पी व अंगमेहनतीवर जगणारे शूद्र यांच्याकडून मात्र राजाने दरमहा एक दिवस काम करून घ्यावे, असा नियम आहे. कराची सूट क्षमतेवरून न ठरता वर्णावरून ठरली. ज्याच्यापाशी धन नाही त्याच्या अंगातील श्रमच कर म्हणून घेतला गेला. महार वतनाच्या नावाखाली आपल्या पूर्वजांनी जी वेठ बिगार केली ती याच व्यवस्थेची शाखा होती. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले आणि १९३७ मध्ये खोती नष्ट करण्याचे. दोन्ही लढे सामाजिक होते तसे करन्यायाचेही होते. ज्या १९२७ सालाच्या प्रारंभी त्यांनी जमीन महसुलावर टीका केली, त्याच्याच अखेरीस महाडला मनुस्मृतीचे दहन झाले, याकडे आम्ही लक्ष वेधू इच्छितो.

जन्मावरून मिळणारी सूट आज गेली काय? भारतात मृत्यूनंतरच्या संपदेवर कर बसवणारा कायदा १९५३ मध्ये आला आणि १९८५ मध्ये तो कर बंद झाला. १९५७ चा संपत्ती कर २०१५ च्या अर्थसंकल्पाने रद्द झाला. म्हणजे बापाकडून मुलाकडे शेकडो कोटी रुपये गेले तरी त्या संक्रमणावर वारसा कर नाही. सूचिबद्ध शेअर दीर्घकाळ ठेवून विकले तर मर्यादेपलीकडील नफ्यावर २०२४ पासून १२.५ टक्के दर आहे. श्रमाच्या वेतनावरील वरचा दर मात्र ३० टक्के. नितीनकुमार भारती, लुकास शांसेल, तोमा पिकेटी आणि अनमोल सोमंची यांच्या २०२४ च्या अभ्यासानुसार २०२२-२३ मध्ये देशातील वरच्या एक टक्का लोकांकडे राष्ट्रीय उत्पन्नाचा २२.६ टक्के आणि संपत्तीचा ४०.१ टक्के वाटा होता. हे अंदाज आहेत आणि त्यांवर वाद होऊ शकतो. दिशेवर वाद होणे कठीण आहे. जन्माने श्रेष्ठत्व मिळत नाही अशी आपली घोषणा आहे. मग जन्माने मिळणाऱ्या अफाट संपत्तीबद्दल आपण मौन का पाळावे? अर्थात, आयुष्यभर राबून बांधलेले पहिले घर आणि शेकडो कोटींचा वारसा यांना एकाच मापाने मोजणारा कर आम्हांलाही मान्य होणार नाही. मर्यादा उंच असावी. पण मर्यादा उंच असणे आणि करच नसणे यांत मोठे अंतर आहे.

यावर पूर्वपक्ष म्हणेल की, हे प्रयोग करून झाले आहेत. १९७३-७४ मध्ये आयकराचा सर्वोच्च दर अधिभार धरून ९७.७५ टक्के होता. त्यातून समता आली नाही. काळा पैसा वाढला. या म्हणण्यात तथ्य आहे. वांछू समितीने १९७१ मध्येच अतिउच्च दर हे करचुकवेगिरीचे एक कारण म्हणून दाखवले होते. संपत्ती कराचे उत्पन्न कमी आणि वसुलीचा खर्च जास्त, हे २०१५ मध्ये दिलेले कारणही पोकळ नव्हते. परंतु यातून सिद्ध होते ते एवढेच की, कागदावर भयंकर दर आणि कायद्यात असंख्य पळवाटा अशी रचना टिकत नाही. दर सोसवेल असा, पाया विस्तृत, सवलती मोजक्या आणि वसुली निष्पक्ष असेल तरच प्रगतिशील कर खरोखर प्रगतिशील राहतो. शेतीच्या उत्पन्नावरील संपूर्ण सूट याच दृष्टीने तपासावी लागेल. कोरडवाहू दोन एकरवाल्याला सूट हवीच. त्याच्या आडोशाने मोठ्या बागायतदारालाही तीच सूट मिळणे हे क्षमतेच्या तत्त्वात बसत नाही.

हेही मान्य केले पाहिजे की, बाबासाहेबांच्या दृष्टीने कर हा अखेरचा उपाय नव्हता. १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ मध्ये त्यांनी मूलभूत उद्योग, विमा आणि शेती राज्याच्या मालकीची असावी अशी योजना मांडली. विषमता निर्माण होऊ द्यावी आणि मग करांनी ती थोडी कमी करावी, यावर त्यांचा संतोष नव्हता. ती योजना संविधानात आली नाही. धनाचे केंद्रीकरण होऊ नये असे सांगणारे अनुच्छेद ३९ निदेशक तत्त्वांत राहिले. जे मोठे साधन हाती आले नाही, त्याच्या अभावी जे लहान साधन आहे तेही सोडून द्यावे, असा निष्कर्ष त्यावरून काढता येणार नाही.

आपल्यापुरते

आता शेवटचा आणि आपल्यापुरता मुद्दा. महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे तक्रार मांडली होती की, रयतेच्या घामातून जमा होणारा महसूल वरच्या वर्गांच्या शिक्षणावर खर्च होतो. त्यांनी विनियोगाचा प्रश्न विचारला आणि तो विचारण्याचा अधिकार आपलाही आहे. अनुसूचित जातींसाठीचा निधी वेळेवर व पूर्ण खर्च होतो काय, शिष्यवृत्ती वर्ष संपण्यापूर्वी मिळते काय, हे प्रश्न आपण कठोरपणे विचारले पाहिजेत. पण ‘माझ्या कराचा हिशेब द्या’ आणि ‘माझ्याकडून कर घेऊ नका’ या दोन भिन्न मागण्या आहेत. पहिली नागरिकाची आहे, दुसरी इनामदाराची.

आपल्यापैकी जे आज आयकराच्या टप्प्यांत आहेत, ते बहुतेक शासकीय वसतिगृहात राहून, शासकीय शिष्यवृत्तीवर शिकून तेथे पोहोचले. त्या वसतिगृहातील भाताचा खर्च कोणी दिला होता? साखर विकत घेणाऱ्या प्रत्येक मजुराने, आणि आयकर भरणाऱ्या अनोळखी नागरिकाने. त्यांनी तो दान म्हणून दिला नव्हता, म्हणूनच आपण कोणाचे मिंधे झालो नाही. आज आपल्या वेतनातून जे जाते ते त्याच मार्गाने दुसऱ्या कोणा मुलीच्या ताटापर्यंत मिंधेपणाशिवाय पोहोचावे, ही अपेक्षा धरणे म्हणजे जुलूम सोसणे नव्हे. विहाराला दिलेले दान आपल्या श्रद्धेचे आहे आणि ते द्यावे. परंतु अनाथपिंडिकाप्रमाणे दोन्ही हिशेब वेगळे ठेवावेत.

बाबासाहेबांनी १९५० च्या आपल्या लेखात सांगितले की, धर्माने दारिद्र्याला पवित्र ठरवू नये. त्याला जोडून आम्ही एवढेच म्हणू की, धम्माच्या अनुयायांनी श्रीमंतीलाही पवित्र ठरवू नये. धनिकावर अधिक कर मागताना त्याच्याविषयी द्वेष नको आणि त्याच्या देणगीपुढे लाचारीही नको. महाविजिताने धनिकांचा अपमान केला नाही; त्याने केवळ त्यांची देणगी परत केली, कारण त्याच्या कोठारात न्यायाने जमलेले धन होते. आपल्या प्रजासत्ताकाच्या कोठाराविषयी असे म्हणता येईल काय, हा प्रश्न पुढच्या वेळी कूटदन्त सुत्तावर व्याख्यान होईल तेव्हा श्रोत्यांनी अवश्य विचारावा.